प्रवासी लाँचची मांडणी: आधी धक्का, मग आराखडा

आराखडा काढायला बसण्याआधी धक्क्यावर दोनदा जा, एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला. मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरहून जास्त खालीवर होतं. सकाळी लाँचचा काठ ज्या पायरीला लागतो, तीच पायरी दुपारी डोक्याच्या वर असते. नेसत्या साडीत, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पोर घेऊन उतरणारी बाई समोर ठेवा. ती नीट चढली की बाकी सगळे चढतात.

इथे उदाहरण घेतलंय १२ मीटर लांब, ३.२ मीटर रुंद, चाळीस प्रवासी आणि भरलेलं वजन सुमारे ९ टन अशा लाँचचं.

चढण्याची जागा लाँचच्या मध्यावर, कुशीला म्हणजे बाजूला ठेवा. लाटेवर नाळ, म्हणजे लाँचचं पुढचं टोक, सगळ्यात जास्त वरखाली होते, तरी नाळेवरून चढवायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. कठड्यातली फट ९० सेंमी रुंद असू द्या. काठापासून खाली डेक ६० सेंमी असेल तर मध्ये दोन पायऱ्या, प्रत्येक उतार २० सेंमी. उतार सारखेच हवेत, कारण एक पायरी जरा वेगळी झाली की अंदाज चुकून माणूस नेमका तिथेच अडखळतो. दोन्ही बाजूंना ३५ मिमी जाडीच्या नळीचा आधार द्या आणि तो पाय ठेवायच्या जागेच्या आधी सुरू करा. हात पकडतो आणि मग पाय पुढे जातो, उलटं होत नाही.

बाकांसाठी माणशी ४५ सेंमी रुंदी, ४२ सेंमी उंची आणि दोन ओळींत ७५ सेंमी अंतर धरा. दोन-दोनच्या दहा ओळी, मध्ये ५० सेंमी वाट; साडेसात मीटरमध्ये चाळीस जण बसतात. टोपल्या आणि बोचकी पिछाडीला ठेवायला वेगळी जागा सोडा, नाहीतर ती वाटेत येतात. लाइफजॅकेट बाकाखाली उघड्या कप्प्यात असावीत. कुलूपबंद पेटीतलं जॅकेट वेळेवर हाती लागत नाही.

आता कलण्याचा हिशेब. मोठ्या प्रवासी जहाजांच्या स्थैर्यसंहितेत माणशी ७५ किलो धरतात आणि गर्दी एका बाजूला झाली तरी कल १० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. कच्च्या हिशेबाला हाच मापदंड लावा. परवान्यासाठी मात्र सर्वेक्षकाचं पूर्ण गणित लागेलच. मेटासेंट्रिक उंची, म्हणजे कललेली लाँच परत सरळ होण्याच्या ताकदीचं माप, ०.९ मीटर धरू. डॉल्फिन दिसला म्हणून वीस जण १.४ मीटर सरकले, तर २० × ७५ × १.४ = २१०० (किलो गुणिले मीटर). भागिले ९००० × ०.९ (वजन गुणिले मेटासेंट्रिक उंची), उत्तर ०.२६; हे कलाच्या कोनाचं टॅन, म्हणजे कल साडेचौदा अंश. दहाच जण सरकले तर साडेसात. म्हणून बाक पक्के बसवा, वाट अरुंद ठेवा आणि कुशीला उभं राहायला जागाच ठेवू नका. टपावर दहा माणसं बसली तर गुरुत्वकेंद्र जवळपास १७ सेंमी वर जातं, मेटासेंट्रिक उंची तेवढीच घटते आणि तेच वीस जण सरकल्यावर कल सतरा-अठरा अंशांवर पोहोचतो. टपावर जायची शिडी काढून टाका. पाटी लावून कोणी ऐकत नाही.

कठडा डेकपासून १ मीटर. खालची फट २३ सेंमीपेक्षा मोठी नको, वरच्या फटी ३८ सेंमीपर्यंत चालतात. पोरं प्रवास करणार असतील तर खालच्या अर्ध्यात जाळी ताणा.

तांडेलाची, म्हणजे लाँच चालवणाऱ्याची जागा आराखड्यात शेवटी उरलेल्या कोपऱ्यात ढकलली जाते, आणि मग तो प्रवाशांच्या डोक्यांमधून वाकून बघतो. त्याचे डोळे बसलेल्यांच्या डोक्याच्या वर यायला हवेत. कॅनव्हासचे पडदे सोडल्यावरही त्याला लाँचचे दोन्ही काठ दिसतात का, तेही तपासा. टप १.९५ मीटरवर पुरे. आणखी उंच केलात तर धक्क्याला लागताना वारा लाँच ढकलतो.

दिसण्याचं सांगायचं तर काठाची रेघ सरळ ओढू नका. सरळ रेघ पाण्यावर मध्येच फुगल्यासारखी दिसते. नाळेकडे जास्त आणि पिछाडीकडे थोडी उचललेली वळणदार रेघ डोळ्यांना बरी वाटते, शिवाय नाळेवरचं पाणीही कमी आत येतं. टपाची कड त्याच वळणाने जाऊ द्या. डेकचा रंग पांढरा नको, उन्हात डोळे दिपतात. गडद नको, अनवाणी पाय भाजतात. फिकट करडा किंवा वाळूचा रंग घ्या, आणि पहिला हात ओला असतानाच त्यावर बारीक चाळलेली कोरडी वाळू भुरभुरा. वाळल्यावर सुटलेली वाळू झाडा आणि मग दुसरा हात द्या.

लाकूड कापण्याआधी शेडच्या जमिनीवर खडूने पूर्ण मापाचा आराखडा काढा, प्लायचे चार बाक आणि एक पायरी उभी करा आणि वेगवेगळ्या बांध्याच्या दहा माणसांना पिशव्यांसह बसवून उठवा. गुडघे कुठे अडतात, पदर कुठे अडकतो, ते तिथेच कळतं. माप बदलायला तेव्हा खडू पुसला तरी पुरतो.