ऑइल प्रेशर मोजायच्या आधी: जुन्या टर्बो गाडीसाठी तयारी

सगळ्यात आधी एकच सांगतो, कारण मागच्या वेळी माझ्याकडून तेच राहिलं: ऑइल प्रेशर तेल पूर्ण गरम झाल्यावर मोजायचं. थंड इंजिनवर घेतलेला आकडा कागदावर लिहूसुद्धा नका.

झालं असं, की तासभर चालवून गाडी उभी केली की स्लोवर (अॅक्सिलरेटर न दाबता) तेलाचा दिवा मिणमिणायचा आणि जरा रेस दिली की विझायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला मी गेज जोडला आणि इंजिन सुरू केलं. काटा ४ बारच्या वर. प्रेशर चांगलं आहे म्हणजे दिवा लावणारा प्रेशर स्विच गेला, असं ठरवून स्विच बदलला. नव्या स्विचवरही दिवा मिणमिणला तेव्हा वायरिंगवर संशय घेतला आणि गाडी चालवत राहिलो. महिन्याभरात निळा धूर सुरू झाला. टर्बोचा (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा भरणाऱ्या पंख्याचा) शाफ्ट बोटांनी हलवून पाहिला तर पंखा हाउसिंगला घासत होता. चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) उतरवला तेव्हा पंप जिथून तेल ओढतो ती सक्शनची जाळी काळ्या गाळाने आणि सिलंटच्या (जोड बंद करायच्या पेस्टच्या) तुकड्यांनी निम्मी बुजलेली होती. बिग एंड बेअरिंगचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगचा) करडा थर पुसून जाऊन खालचं तांबं उघडं पडलं होतं.

थंड तेल घट्ट असतं. बेअरिंग झिजून फट वाढली असली तरी त्या फटीतून ते पटकन निसटत नाही, म्हणून प्रेशर छान दिसतं. तेच तेल तापून पातळ झालं की फटीतून वाहून जातं आणि काटा खाली येतो. हा दोष गरम तेलातच दिसतो, सकाळी गाडी सुरू करून कधीच दिसणार नाही.

आता तयारी. आपल्या इंजिनचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा आणि त्यातला प्रेशरचा आकडा किती तापमानाला, किती आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) दिलाय ते तिन्ही एकत्र लिहून ठेवा. दर १००० आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे साधारण ०.७ बार, हा जुना ठोकताळा मॅन्युअल नसेल तेव्हा अंदाजापुरता ठीक आहे, पण निकाल त्यावर देऊ नका. एकक बघा: १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. मॅन्युअल एकात आणि गेज दुसऱ्यात असला की घोटाळा होतोच.

डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो प्रेशर अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहून खाली गेल्यावर लागतो. तोवर टर्बोचे हाल सुरू झालेले असतात. लाखाच्या वर आरपीएमने फिरणारा तो शाफ्ट साध्या बेअरिंगच्या टर्बोत तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, त्याला दुसरा आधार नाही. यांत्रिक गेजच हवा, आणि खालच्या टोकाला बारीक रेघा असलेला. पहिलीच खूण १ बारची असेल तर स्लोवरचं प्रेशर ०.४ आहे की ०.८ हे कळणार कसं? खरा प्रश्न तर तिथेच असतो.

स्विचच्या जागी बसणारा अडॅप्टर आधी हाताने फिरवून बघा. १/८ एनपीटी, १/८ बीएसपी आणि एम१० बाय १ हे आटे दिसायला जवळपास सारखे असतात. चुकीचा अडॅप्टर दोन फेरे बिनबोभाट आत जातो आणि मग अडतो. तिथे पान्याने जोर लावलात तर ब्लॉकचे आटे जातील. अडला की काढा. नळी टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांबून न्या आणि बांधा. गरम तेल लाल तापलेल्या लोखंडावर पडलं तर आग लागते, इथे हयगय नको.

गेज गाडी थंड असतानाच जोडून ठेवायचा, म्हणजे हात भाजत नाही. जोडल्यावर लगेच वाचायचा मोह होईल. नका वाचू. सुरू करून फक्त गळती बघा, गाडी बाहेर काढा आणि निदान २०-२५ मिनिटं नीट चालवा. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे तेल तापलं असं नाही. पाणी लवकर तापतं, तेल बरंच मागे राहतं. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर चेंबरवर धरा. चकचकीत अॅल्युमिनियमवर तो कमी दाखवतो, म्हणून तिथे आधी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा. तेल ९० अंशांच्या आसपास आलं की मगच स्लो, २०००, ३००० असे आकडे घ्या. पुन्हा सांगतो, गरम तेलावर.

गाडी काढायच्या आधी डिपस्टिक: पातळी बघा, वास घ्या. पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा किंवा डिझेलचा वास असेल तर तेलात इंधन मिसळतंय. असं पातळ तेल गरम झाल्यावर प्रेशर देणारच नाही, आधी ते दुरुस्त करा. दुधाळ तेल म्हणजे बहुधा पाणी शिरलंय. तेल कोणत्या ग्रेडचं आहे ते माहीत नसेल तर ठरलेल्या ग्रेडचं नवं तेल आणि चांगला फिल्टर टाकूनच मोजा. जाड तेल टाकून काटा वर आणू नका, त्याने फक्त आजार झाकला जातो. जुना फिल्टर फेकू नका. कापून कागद पसरा आणि चमक दिसली तर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं तर लोखंड, न चिकटणारी चमक असेल तर बेअरिंगवर संशय घ्या.

टर्बोची तेलाची नळी उघडणार असाल तर तांब्याचे वॉशर नवे आणून ठेवा. नळी आणि बॅंजो बोल्टची (नळी बसवायच्या पोकळ बोल्टची) भोकं जळलेल्या तेलाने बुजलेली असू शकतात. गेज ब्लॉकवर असतो, त्यामुळे तिथे प्रेशर ठीक दिसेल आणि टर्बो तरीही कोरडा राहील. टर्बोतून तेल परत येतं ते नुसतं उतारावर. ब्रीदर (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी) तुंबला की क्रँककेसमधला दाब ते अडवतो आणि सीलमधून धूर येतो, तेव्हा तोही बघा. शाफ्टला आडवा किंचित खेळ चालतो, पुढे-मागे जाणवेल इतका नको.

आकडे हाती आले की: गेजवर प्रेशर बरोबर आणि दिवा लागतोय, तर स्विच किंवा वायर. गरम स्लोवर कमी आणि रेस दिल्यावर सावरतं, तर बेअरिंग किंवा पंप. गरमवर कमी आणि थंड इंजिनवरही काटा वर चढत नाही (थंड काट्याचा उपयोग एवढाच), तर रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) उघडा अडकलाय का ते बघा. रेस वाढवल्यावर काटा पडतो किंवा थरथरतो, तर जाळी किंवा सक्शन पाइपची ओ-रिंग. दिवा पेटून राहिला तर ताबडतोब बंद, घरापर्यंतसुद्धा नाही.

जोडणी करताना: सिलंट पातळ लावा. फिल्टर तेलाने भरून बसवा. पेट्रोल गाडीत इंधन पंपाचा फ्यूज काढून प्रेशर येईपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. मग सुरू करा, गळती बघा, २५ मिनिटं चालवून या आणि पुन्हा मोजा. गरम.