उदंचन प्रकल्पाचा हिशेब घरी कसा मांडायचा

उदंचन म्हणजे वीज स्वस्त असताना पाणी वरच्या जलाशयात चढवायचं, आणि महाग असताना तेच खाली सोडून वीज बनवायची. आता छतावरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. तिच्यातलं सगळं पाणी चारशे मीटर खाली सोडलं, तर टर्बाइनमधून वीज मिळते साधारण एक युनिट. एक टाकी, एक युनिट. आमच्या अकोले तालुक्यातल्या घाटघरला उंचीचा फरक साधारण एवढाच आहे. वरचा जलाशय इथे, खालचा कोकणात शहापूर तालुक्यात चोंढ्याला, आणि 125 मेगावॉटचे दोन संच. दोन्ही सहा तास चालवायचे तर 15 लाख टाक्या पाणी उतरवायचं, आणि तेवढंच पुन्हा वर चढवायचं.

मी 26 वर्षं बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या. आता सह्याद्रीत भिवपुरी, शिरवटा अशा नव्या उदंचन प्रकल्पांची नावं ऐकू येतात आणि गावातली मुलं विचारतात, "मावशी, पाणी तर तेच फिरतं, मग खर्च कसला?" त्यांना मी वहीत मांडून दाखवते ते असं.

आधी साठा. उंची मीटरमध्ये, पाणी घनमीटरमध्ये, गुणाकाराला 9.81 ने गुणा आणि 3600 ने भागा. आलेल्या युनिटांचे दहाएक टक्के यंत्रात जातात, ते वजा करा.

मग तूट. पाणी चढवायला 100 युनिट लागली, तर उतरताना 75 ते 80 हाती येतात. मी 77 धरते. दुपारी सोलरची वीज अडीच रुपयांनी घेतली, तर संध्याकाळी विकताना तिचा नुसता खरेदीखर्चच 3.25 रुपये झालेला असतो.

आता भांडवल, आणि इथे घाई करू नका. समजा, मेगावॉटमागे 6 कोटी लागले. व्याज, मुद्दल आणि देखभाल मिळून वर्षाला 65 लाख धरा. रोज सहा तास, वर्षाला 330 दिवस, म्हणजे 19.8 लाख युनिट. भागाकार करा: युनिटमागे 3.28 रुपये. खरेदीखर्च मिळवून साडेसहा. व्याजदर एका टक्क्याने वाढला की सुरुवातीच्या वर्षांत आणखी 30 पैसे. पैसा ओतून झाल्यावर काम दोन वर्षं रखडलं, तर 9 टक्क्यांनी 6 कोटींचे 7.13 कोटी होतात, एकही युनिट न विकता. म्हणून जमीन आणि पुनर्वसन यांच्या ओळी सगळ्यात आधी भरा, आणि पूर्ण भरा. मोबदला अर्धवट देऊन काढलेलं वेळापत्रक मला कधीच खरं वाटलं नाही. ज्यांची शेतं जातात त्यांचा हिशेब बरोबर लागला, तरच बाकीचा लागतो.

बॅटरीशी तुलना करायची असेल तर दोन्ही बाजूंना 40 वर्षं धरा. धरण तेवढं सहज टिकतं. बॅटरीच्या बाजूला साधारण 15 वर्षांनी नव्या खरेदीची ओळ घाला. पण त्या ओळीत आजचा भाव लिहू नका, बॅटरी स्वस्त होत चालली आहे.

सगळ्यात मोठा प्रश्न त्या 330 दिवसांचा. नोकरीच्या सुरुवातीला एका शीतगृहाची फाइल माझ्याकडे आली होती. अहवालात 'वर्षभर पूर्ण क्षमतेने' असं होतं, मी सही केली. माल आला चार महिने. कर्ज बुडलं, आणि त्या शेतकरी भागीदारांची तोंडं मला अजून दिसतात. तेव्हापासून दिवस मी स्वतः मोजते.

इथेही मोजता येतात. वीज एक्सचेंजवर, म्हणजे विजेच्या घाऊक बाजारात, दिवसाचे 15-15 मिनिटांचे 96 भाव असतात. वर्षभराचे भाव घ्या. रोजचे सर्वांत स्वस्त 32 भाव पाणी चढवायला, सर्वांत महाग 24 उतरवायला. स्वस्त सरासरीला 0.77 ने भागा आणि महाग सरासरीतून वजा करा. पावसाळ्यात दुपारी सोलरची वीज कमी असते आणि हा फरक आटतो, ते तुम्हाला तिथेच दिसेल. फरक उणे आला त्या दिवशी संच बंद धरा. उरलेल्या प्रत्येक दिवशी मेगावॉटमागे 6,000 युनिट गुणिले फरक. वर्षाची बेरीज 65 लाखांशेजारी लिहा, चालू दिवस मोजा, आणि 330 खोडून तिथे तो आकडा घालून भागाकार पुन्हा करा.