पोहे करता करता अ‍ॅक्टिव्हिटी अ‍ॅनालिसिस

इंदुरात ऑक्युपेशनल थेरपी (आजार किंवा इजेनंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) शिकणाऱ्याने पहिलं अ‍ॅक्टिव्हिटी अ‍ॅनालिसिस पोह्यांचं करावं, म्हणजे ते काम बारीक पायऱ्यांत मोडून प्रत्येकीला काय लागतं ते बघावं. भिजवणं, चिरणं, फोडणी, वाफ, सगळं अर्ध्या तासात बघायला मिळतं.

आधी स्वतः करा, मग लिहायला बसा. ‘कांदा चिरणे’ ही एक पायरी नव्हे. सोलणं, अर्धा करणं, सपाट बाजू पाटावर टेकवणं, धरणं, चिरणं, अशा पाच झाल्या. प्रत्येकीपुढे लिहा: कुठला हात काय करतो, नजर कुठे असते, चुकलं तर सावरायला वेळ किती. पोहे निथळायला ठेवले की ५-१० मिनिटं निवांत मिळतात; मोहरी तडतडली की काही सेकंदच. लक्ष आणि क्रम यांचा कस फोडणीतच लागतो. नुसतं ‘हातात ताकद हवी’ लिहिलंत तर ते कपडे धुण्यालाही लागू पडेल.

आता पेशंट घ्या: उजव्या हाताने कामं करणाऱ्या, पक्षाघातानंतर डावी बाजू कमजोर झालेल्या काकू. विळी बाद, कारण तिला खाली बसणं, पायाने पाट दाबणं आणि दोन्ही हात लागतात. त्याऐवजी कांदा रोवायला स्टीलचे दोन खिळे वर काढलेला पाट, खाली ओलं फडकं आणि सुरी.

पाटावर डावीकडचा कांदा तसाच राहिला, तर लगेच ‘हात कमजोर’ लिहू नका. पाट उजवीकडे सरकवा. तिथे सगळा चिरला गेला तर अडचण हातापेक्षा नजरेत किंवा लक्ष देण्यात असण्याची शक्यता जास्त. एकदा सांगितल्यावर काकू पुढे आपणहून मान वळवू लागल्या, तर दृष्टिक्षेत्र (एका नजरेत दिसणारा भाग) कमी झालंय का ते आधी तपासा. दरवेळी आठवण द्यावी लागली तर नेग्लेक्टचा, म्हणजे मेंदू एका बाजूकडे लक्षच देत नसल्याचा, संशय धरा. दोन्ही एकत्रही असतात, म्हणून चाचणी कराच.

इंदुरी पोहे उकळत्या पाण्यावर वाफवतात. डाव्या हाताची संवेदना गेली असेल तर भाजलेलं कळतच नाही. गरम-थंडाची तपासणी या पायरीच्या आधी, नंतर नव्हे.

ऑक्युपेशनल थेरपीच्या अभ्यासक मॉरीन फ्लेमिंग यांनी १९९१ मध्ये थेरपिस्टच्या विचाराचे तीन पदर मांडले: उपचाराच्या पद्धतीचा, पेशंटशी संवादाचा आणि त्याच्या पुढच्या आयुष्याचा. विद्यार्थी पहिल्यातच अडकतात. काकूंना विचारा, पोहे कोणासाठी करायचेत? चिरणं-फोडणी सूनबाई करत असतील आणि यांना बशीत शेव-जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) घालून नातवापुढे ठेवायचं असेल, तर खिळ्यांचा पाट बाजूला राहू द्या. बशीखाली न घसरणारी जाळी, जिरावणाची डबी एका हाताने उघडेल अशी, आणि लिंबाऐवजी वाटीत काढलेला रस. सुरुवात इथून करा.