जांभ्याचं पाणी आणि चेरी श्रिंप

आमच्या विहिरीचं पाणी जांभ्यातून झिरपून येतं. त्यात तूरडाळ लोण्यासारखी शिजते, पण माशांच्या टाकीतल्या चेरी श्रिंप (शोभेच्या छोट्या लाल कोळंब्या) कात टाकताना एकेक करून मरायला लागल्या. डोक्यामागे पांढरी रेघ, दुसऱ्या दिवशी श्रिंप आडवी. किट आणून केएच (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) तपासला, तर पहिल्याच थेंबाला पाणी पिवळं, म्हणजे केएच जवळपास शून्य!

जीएच म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम. त्याच्याशिवाय कवच नीट बनत नाही. केएच पीएचला सावरतो, तो संपला की पीएच कधी कोसळेल सांगता येत नाही. चेरीला जीएच ६ ते ८ अंश आणि केएच २ ते ४ अंश पुरे.

घरी तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) आणल्या की शिंपले मसाल्यात जाण्याआधीच बाजूला काढतो (बायको बघते, बोलत नाही). उकळून, घासून, वाळवून जाडसर कुटायचे आणि मूठभर जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवायचे. आम्ल पाण्यात ते सावकाश विरघळतात, त्यामुळे अतिरेकाची भीती कमी. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट: ६० लिटरला अडीच ग्रॅम, जीएच साधारण १ ने वाढतो. खाण्याच्या सोड्याने फक्त केएच वाढतो, कवचाला उपयोग शून्य. मी एकदा चमचाभर थेट टाकीत टाकला होता. तसं करू नका. बादलीत विरघळवून, आठवड्याला दहा टक्के पाणी बदलतानाच द्या.

गप्पी माशांना असं क्षार वाढवलेलं पाणी मानवतं. निऑन टेट्रा मासे मात्र मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या, पाण्यातच ठेवा.

वाफ होऊन उडालेल्या पाण्याची भर साध्या विहिरीच्या पाण्यानेच करायची, क्षार टाकीतच राहिलेले असतात.