टेम्प्लेटमधील यूआरएलची अट जुळत नसेल तर दोष कसा शोधावा

संकेतस्थळाच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, लिहिलेली अट पानाच्या यूआरएलशी (पत्त्याशी) जुळत नाही असे दिसले, की आपला हात आधी पॅटर्नकडे, म्हणजे पत्ता कसा असावा हे सांगणाऱ्या नमुन्याकडेच जातो. कुठे एक तारा (*) वाढवला जातो, कुठे कंस घातला जातो, पान पुन्हा पुन्हा उघडून पाहिले जाते, आणि थोड्याच वेळात पॅटर्न इतका बदललेला असतो की मुळात काय जुळवायचे होते तेच हरवून बसते. माझा अनुभव असा आहे की पॅटर्न बहुतेक वेळा बरोबरच असतो. तो ज्या मजकुराशी ताडून पाहिला जातो, त्या मजकुराविषयीची आपली समजूत चुकलेली असते. म्हणून पॅटर्नला हात लावण्याआधी तुलनेपर्यंत नेमके काय पोहोचते, ते डोळ्यांनी पाहावे.

त्यासाठी अटीच्या लगेच वरच्या ओळीत, अट जे व्हेरिएबल वापरते तेच व्हेरिएबल चौकटी कंसांत घालून छापावे. कंस घातल्याने शेवटचा स्लॅश आणि चुकून शिरलेली मोकळी जागा लगेच नजरेत भरते. यूआरएलमध्ये काय लिहायचे हे पान उघडणाऱ्याच्या हातात असते, त्यामुळे छापताना मजकूर एस्केप करणे (त्यातली चिन्हे कोड म्हणून चालू नयेत अशी निष्प्रभ करणे) अत्यावश्यक आहे, आणि शक्यतो ही तपासणी चाचणीच्या प्रतीवरच करावी.

छापलेला मजकूर आणि ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता यांत पुष्कळदा फरक निघतो. # या चिन्हापुढचा भाग सर्व्हरपर्यंत जातच नाही, त्यामुळे त्यावर बेतलेली अट टेम्प्लेटमध्ये कधीच खरी ठरणार नाही. प्रश्नचिन्हापुढचा भाग मात्र कुठे येतो, कुठे येत नाही: पीएचपी भाषेतल्या ‘रिक्वेस्ट यूआरआय’ या मूल्यात तो असतो, तर अपाची या सर्व्हरच्या ‘रीराइट रूल’ या पत्ता बदलण्याच्या नियमाचा पॅटर्न तो वगळून उरलेल्या मार्गाशीच ताडला जातो. म्हणूनच ‘रिक्वेस्ट यूआरआय’शी ताडला जाणारा, $ ने (‘इथे मजकूर संपतो’ या खुणेने) बंद केलेला पॅटर्न एरवी व्यवस्थित चालतो आणि कोणी ‘?पान=2’ जोडून आले की कोसळतो. अपाचीचा नियम फोल्डरमधल्या ‘एचटीअ‍ॅक्सेस’ फाइलमध्ये असेल तर सुरुवातीचा स्लॅशही आधीच काढलेला असतो, त्यामुळे तिथे ^/ ने (^ म्हणजे ‘मजकुराचा आरंभ’) सुरू होणारा पॅटर्न कधीच जुळत नाही. संकेतस्थळ उपफोल्डरमध्ये बसवलेले असले किंवा पत्त्याच्या आरंभी भाषेचा उपसर्ग लागत असला, तरी ^ ची अट अशीच फसते.

देवनागरी स्लग (पत्त्यातला पानाच्या नावाचा तुकडा) असलेल्या पत्त्यांकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. पट्टीत ‘/बातमी/’ असे दिसले, तरी सर्व्हरकडे हा शब्द टक्के-चिन्हांच्या संकेतात जातो. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइटांचे असते आणि प्रत्येक बाइट % व दोन षोडशमान अंक (0 ते 9 आणि a ते f) असा 3 खुणांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाच्या 9 खुणा होतात. ‘बातमी’ या शब्दात काने-वेलांट्यांसह 5 चिन्हे आहेत, म्हणून सर्व्हरला 45 खुणांची ओळ मिळते. वर्डप्रेस ही संकेतस्थळाची प्रणाली स्लग याच संकेतरूपात साठवते आणि त्यासाठीच्या रकान्याची मर्यादा 200 खुणांची आहे. त्यामुळे साधारण 22 चिन्हांनंतर स्लग कापला जातो, आणि जोडाक्षरातला हलन्त हेही वेगळे चिन्ह धरले जाते. पूर्ण शीर्षकाशी तुलना करणारी अट लहान शीर्षकांवर चालते आणि लांब शीर्षकांवर फसते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

षोडशमान अंकांतली रोमन अक्षरे कधी लहान लिपीत असतात, कधी मोठ्या. वर्डप्रेस ती लहान लिपीत लिहिते, तर पत्ता हाताने टाइप केल्यास ब्राउझर मोठ्या लिपीत पाठवतो. दुव्यावर टिचकी मारली की अट जुळते आणि तोच पत्ता टाइप केला की जुळत नाही, असे लक्षण दिसले तर कारण इथेच शोधावे. उपाय असा, की आलेला मार्ग एकदा, आणि एकदाच, डीकोड करावा (संकेतातून मूळ अक्षरांत आणावा) आणि मग साध्या देवनागरी मजकुराशी ताडावा.

डीकोड करूनही मी एकदा पुरता अडकलो होतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द असलेले एकच पान जुळत नव्हते आणि दोन्ही शब्द डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसत होते. शेवटी अक्षरागणिक कोडबिंदू (प्रत्येक चिन्हाचा युनिकोडमधला क्रमांक) छापले, तेव्हा एका बाजूला टिंब असलेला ऱ आणि हलन्त निघाला, तर दुसऱ्या बाजूला साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. युनिकोडचे प्रमाणीकरण (एकाच मजकुराची वेगवेगळी रूपे एक करण्याची रीत) या दोन रूपांना एकत्र आणत नाही. त्यामुळे स्लग तयार होतानाच एक रूप ठरवून घ्यावे लागते.

रेग्युलर एक्स्प्रेशनमधील, म्हणजे पॅटर्न लिहिण्याच्या भाषेतल्या, ‘शब्दचिन्हां’च्या (\w) वर्गावरही इथे विसंबू नये. पायथन भाषेच्या अंगभूत ‘re’ मॉड्यूलमध्ये हा वर्ग काना, मात्रा, वेलांटी यांना शब्दाचा भाग मानत नाही, आणि शब्द मधेच तुटतो. जँगो या पायथनवर आधारलेल्या प्रणालीतला ‘स्लग’ कन्व्हर्टर (पत्त्याचा तुकडा ओळखून घेणारा प्रकार) तर केवळ रोमन अक्षरे, अंक, जोडरेषा आणि अधोरेषा स्वीकारतो. देवनागरीसाठी तिथे ‘स्ट्र’ कन्व्हर्टर घ्यावा. स्लॅशपर्यंतचे काहीही, म्हणजे [^/]+ हा पॅटर्न अशा ठिकाणी सर्वांत भरवशाचा.

मजकूर अपेक्षेप्रमाणे आहे अशी खात्री झाली, की मग पॅटर्नकडे यावे. ‘यात हे आहे का’ अशी सैल तपासणी मेन्यूत फार घोटाळे करते: ‘/कला’ शोधणारी अट ‘/कलाकार’ या पानावरही खरी ठरते आणि दोन मेन्यू एकाच वेळी उजळतात. म्हणून नेमके ‘/कला’ एवढेच, किंवा ‘/कला/’ ने सुरू होणारे काहीही, अशा दोन अटी एकत्र लिहाव्यात. ड्रुपल या प्रणालीत ‘/कला/*’ लिहिल्यास खुद्द ‘/कला’ हे पान त्यात येत नाही; ते वेगळ्या ओळीत लिहावे लागते. मुखपृष्ठाचा ‘/’ प्रत्येक पत्त्याच्या आरंभी असतोच, त्यामुळे त्याच्यासाठी संपूर्ण जुळणीच हवी. जुन्या पीएचपी टेम्प्लेटांत ‘स्ट्रपॉस’चे (शब्द कितव्या जागी सापडला ते सांगणाऱ्या फंक्शनचे) उत्तर थेट अटीत वापरलेले आढळते. शोधलेला शब्द अगदी आरंभी सापडला तर उत्तर 0 येते, आणि 0 म्हणजे ‘नाही’ असा अर्थ घेतला जातो. तिथे उत्तराची तुलना काटेकोरपणे ‘फॉल्स’शी करावी, किंवा पीएचपी 8 मधले ‘स्ट्र स्टार्ट्स विथ’ वापरावे.

अटींचा क्रमही पाहावा, कारण जँगो आणि वर्डप्रेस दोन्हींत जो नियम आधी जुळतो तोच लागू होतो. वर्डप्रेसमध्ये नवा नियम लिहूनही फरक पडत नसेल, तर पर्मालिंकच्या (पानांच्या कायम पत्त्यांच्या) सेटिंगचे पान एकदा जतन करावे. तसे केल्यावर साठवलेले नियम नव्याने तयार होतात. लॉगिन केल्यावर अट बरोबर चालते आणि एरवी चुकते, असे असेल तर पॅटर्न सोडून कॅशकडे, म्हणजे पानांच्या साठवलेल्या प्रतींकडे, वळावे.

इतके सगळे करूनही मला वाटते की पुष्कळ ठिकाणी यूआरएल ताडण्याची गरजच नसते. पान कोणत्या प्रकारचे आहे, कोणत्या विभागातले आहे, हे प्रणालीला ठाऊक असते, आणि टेम्प्लेटने तेच विचारले तर उद्या कोणी स्लग बदलला तरी अट मोडत नाही. जिथे यूआरएलशिवाय मार्गच नाही, तिथे पॅटर्नच्या शेजारी टिप्पणीत जुळायलाच हवेत असे चार पत्ते आणि मुळीच जुळू नयेत असे चार पत्ते लिहून ठेवावेत, आणि पॅटर्नमध्ये एक खूण जरी बदलली तरी आठही पत्ते पुन्हा उघडून पाहावेत.