तीन मांजरं आणि एकाचंच पथ्य: पाकीट फोडायच्या आधीची तयारी

आमचा बंड्या, वय 11, ऑपरेशन झालेला बोका, इंदूरच्या अख्ख्या रामबागेत त्याच्याइतका आळशी जीव नसेल, त्याला किडनीचा त्रास निघाला आणि डॉक्टरांनी पथ्याचं खाणं लिहून दिलं. मी शहाणी, येतानाच पाकीट घेऊन आले, फोडलं, नेहमीच्या वाडग्यात ओतलं. पाच मिनिटांत मनी आणि चिंगीने ते साफ केलं आणि बंड्या तिकडे चिंगीच्या खाण्यात (ती अजून पिल्लू, तिचं वेगळं असतं) तोंड घालून निवांत. म्हणून सांगते, आधी घराची तयारी करा, पाकीट मग.

सगळ्यात आधी तो चोवीस तास भरलेला वाडगा उचला. नवीन खाणं यायच्या आठ-दहा दिवस आधीच उचला आणि जुनंच खाणं वेळेवर द्यायला लागा, सकाळ, संध्याकाळ आणि झोपताना, वीस-पंचवीस मिनिटं ठेवायचं आणि उरलं तर उचलून घ्यायचं. वेळही बदलली आणि खाणंही बदललं असं एकदम केलं की मांजर रुसतं. आमच्याकडे सकाळची वेळ कचरागाडीवर बांधलेली आहे, गाडीचं गाणं ऐकू आलं की तिघंही किचनच्या दारात हजर. पण उपाशी ठेवून वठणीवर आणू असा विचार चुकूनही करू नका, मांजर म्हणजे कुत्रं नाही. मांजर दोन-तीन दिवस खाल्ल्याशिवाय राहिलं, त्यात ते जाड असलं, तर लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेततं. एक दिवस पूर्ण उपाशी गेला की डॉक्टरांना फोन.

डॉक्टरांकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या, तिथे टेबलावर मांजर ओरडत असतं तेव्हा काही आठवत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा) किती आणि आजाराची स्टेज कुठली (mg/dL मध्ये 1.6 ते 2.8 ही दुसरी, 5 पर्यंत तिसरी, त्याच्या वर चौथी, पण डॉक्टर एकट्या आकड्यावर जात नाहीत, लघवी आणि बीपी पण बघतात), ड्राय द्यायचं की पाउच की दोन्ही, दिवसाला किती ग्रॅम, परत रक्त कधी तपासायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाकीच्यांनी हे खाल्लं तर काय. आम्हाला उत्तर मिळालं ते असं: मनी धडधाकट आहे, तिने चार दाणे चोरले तर विष नाही, रोजचं जेवण मात्र करायचं नाही. चिंगी पाच महिन्यांची, तिला अजिबात नाही, कारण किडनीच्या खाण्यात फॉस्फरस कमी असतो आणि प्रोटीनही मोजूनमापून, वाढत्या पिल्लाला ते पुरत नाही. तुमच्याकडे लघवीतल्या खड्यांसाठीचं खाणं लिहून दिलं असेल तर गणित वेगळं, ते घरातल्या मोठ्या निरोगी मांजरांना कधीकधी चालतं, पिल्लाला आणि किडनीवाल्याला नाही, विचारूनच ठरवा. आणि खड्यांचा त्रास असलेला बोका त्याच्या लिटरमध्ये (शी-शूच्या ट्रेमध्ये) जाऊन नुसता जोर करतोय, थेंबही येत नाही, असं दिसलं तर पथ्यबिथ्य बाजूला, त्या क्षणी दवाखाना, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आता जागा. इथे माझी समजूत उलटी होती, मी बंड्याची ताटली राखत बसायचे. नंतर डोक्यात उजेड पडला की पथ्याचं खाणं दुसऱ्यांनी चोरलं तर आपले पैसे जातात, पण दुसऱ्यांचं खाणं पेशंटने चोरलं तर पथ्यच जातं. त्यामुळे पहारा चिंगीच्या ताटलीवर पाहिजे. पुठ्ठ्याचं मोठं खोकं घेतलं, त्याला चिंगी जाईल एवढंच भोक पाडलं, बंड्याचं फक्त डोकं आत जातं आणि पोट बाहेर अडकतं (पहिल्या दिवशी खोकं गळ्यात घालून हॉलभर फिरला). चिंगी मोठी होईल तसं हे खोकं रिटायर होणार, तेव्हाचं तेव्हा बघू. मनीला फ्रिजवर, कारण बंड्याच्याने आता तेवढी उडी होत नाही. तुमचा पेशंट उड्या मारणारा असेल तर हे विसरा, सरळ दार लावून वेगळी खोली. बंड्या बेडरूममध्ये, दार बंद. मांजराच्या कातडीखालची चिप किंवा गळ्यातला टॅग ओळखून झाकण उघडणारा वाडगाही मिळतो, चांगली वस्तू आहे पण महाग, आणि मनीसारखी कोणी असेल तर झाकण उघडल्यावर बाजूने डोकं घालतेच.

सामान फार लागत नाही. किचनचा ग्रॅमवाला डिजिटल वजनकाटा, कारण वाटीने मोजलं की माप रोज वेगळं. ताटल्या मी बर्तन बाजारातून सहा घेतल्या, स्टीलच्या, पसरट, तीन वापरात आणि तीन धुण्यात, बंड्याच्या दोन्ही ताटल्यांना खाली नेलपॉलिशचा ठिपका. मुंग्यांसाठी ताटली पाण्याच्या परातीत ठेवायची. पाउच फोडलेला असेल तर उरलेला झाकून फ्रिजमध्ये आणि देताना वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचा, गार खाण्याला वास येत नाही आणि वास नाही तर बंड्या ढुंकूनही बघत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ओलं खाणं तासाभराच्या वर बाहेर नको. ड्रायचं पाकीट डब्यात ओतू नका, पाकिटासकट डब्यात ठेवा, बॅच नंबर आणि तारीख हाताशी राहते. पहिल्यांदा सगळ्यात छोटंच पाकीट घ्या, मोठं घेतलं आणि साहेबांना आवडलं नाही तर काय करणार? एकदा पसंत पडलं की मात्र दोन आठवड्यांचा साठा घरात हवाच, दुकानात हे नेहमी असतंच असं नाही.

बदल हळूहळू, दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवीन, मग अर्धा, मग पाऊण, आठ-दहा दिवस सहज लागतात, म्हाताऱ्याला महिना लागला तरी लागू दे. उलट्या चालू असताना किंवा दवाखान्यात सलाइन लागलेलं असताना सुरू करू नका, मळमळ आणि त्या खाण्याचा वास यांची गाठ डोक्यात बसली की जन्मभर तोंड लावत नाहीत. गोळी पण त्यात लपवू नका, कारण तेच. आणि रंगपंचमीच्या आठवड्यात तर मुळीच नाही, गेरचा (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचा) तो गोंगाट, घरात पाहुणे, आमची तिघं दोन दिवस पलंगाखालून बाहेर येत नाहीत.

मांजरांपेक्षा माणसं अवघड, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. आई (सासूबाई) सकाळच्या चहाआधी बंड्याला दुधाची वाटी द्यायच्या, गेली अकरा वर्षं. दुधात फॉस्फरस, पनीरमध्ये फॉस्फरस, मुलगा जेवताना शेव टाकतो त्यात मीठ, आणि कामवाल्या ताई प्रेमाने आपल्या डब्यातलं वरण चाटवतात ज्यात कांदा-लसूण असतं, ते तर कुठल्याच मांजराला चालत नाही, रक्त खराब करतं. फ्रिजवर कागद लावला, कोणी वाचला नाही. शेवटी बंड्याची सकाळची ताटली आईंच्याच हातात दिली. आता त्या बेडरूममध्ये दार लावून जपमाळ घेऊन बसतात, बंड्या खातो, आणि मी चुकून आत डोकावले तर मलाच ओरडा बसतो की त्याचं जेवण चाललंय, दार लाव.

दर रविवारी वजन. आधी आपण एकटं काट्यावर, मग मांजर घेऊन, वजाबाकी करायची आणि वहीत लिहायचं, तिघांचंही, कारण चोरणारं जाड होतं आणि ज्याचं चोरलं जातं ते वाळतं, वहीत ते डोळ्यांच्या आधी दिसतं. 4 किलोच्या मांजराचं 200 ग्रॅम गेलं म्हणजे आपल्या साठ किलोतले तीन गेले.

शेवटचं, गावाला जायचं असेल तर बदलीचा माणूस आधीच ठरवा आणि त्याच्याकडून एकदा तुमच्या समोर सगळं करून घ्या. आम्ही लग्नाला पुण्याला गेलो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मुलाला सगळं फोनवरच समजावलं होतं. त्याने दोन दिवस मोठ्या इमानदारीने बेडरूमचं दार लावलं, आत मनी होती.