तीन लिप्यांच्या घराचा एक ग्रुप: बडोदेकरांसाठी

दांडिया बाजारातली आजी देवनागरी वाचते, गुजराती माध्यमात शिकलेला काका गुजराती लिपीत पटापट लिहितो आणि टोरांटोची नात मराठी बोलते खरी, पण लिहिते इंग्रजी अक्षरांत. बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांचा व्हॉट्सॲप ग्रुप हा असा असतो. तो आपोआप वाढू दिला की वर्षभरात दोन-तीन जणच बोलत राहतात आणि बाकीचे निळ्या टिकांपुरते उरतात. घरात कोणाचा आवाज पोचणार हे आता बरंचसं सेटिंगवर ठरतं, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

ग्रुप एक नको, दोन हवेत: ‘सूचना’ आणि ‘गप्पा’. ‘सूचना’मध्ये मेसेज पाठवायची परवानगी फक्त ॲडमिनना द्या. एकच ग्रुप असला की सकाळी सहाला कोणी गेल्याची बातमी येते आणि साडेसहाला तिच्याखाली गुलाबाचं ‘शुभ सकाळ’ उमटतं. पाठवणाऱ्याने बातमी वाचलेली नसते, पण ते कोण ऐकून घेतो? पुढच्या लग्नापर्यंत अबोला.

निधनाची बातमी ग्रुपवर टाकण्याआधी सख्ख्यांना फोन गेलेच पाहिजेत. मग एकच मेसेज: नाव, नातं, कधी गेले, किती वाजता आणि कुठून नेणार, खासवाडी की दुसरं स्मशान, आणि चौकशीसाठी एकच नंबर. तो नंबर सख्ख्या मुलाचा नको, जावयाचा किंवा पुतण्याचा द्या. बेसणं (सांत्वनाला जमायची बैठक) ठेवलं असेल तर त्याची वेळ दुसऱ्या मेसेजात.

आता कीबोर्ड, कारण खरी गंमत इथेच आहे. जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) सेटिंगमध्ये ‘भाषा’, मग ‘कीबोर्ड जोडा’, मग ‘मराठी’. तिथे प्रकार विचारतात. आजीला हस्तलेखन द्या, म्हणजे ती बोटाने पाटीवर गिरवल्यासारखं लिहील. नातीला इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा द्या. ‘फोनमध्ये हिंदी आहे, तेवढं पुरे’ असं म्हणू नका. तो शब्द हिंदीतले सुचवतो आणि ‘ऱ’ सहज हाती लागत नाही. मग ‘आचाऱ्यांना आठला बोलवा’चं ‘आचार्यांना’ होतं आणि स्वयंपाक्याच्या जागी गुरुजींना निरोप जातो. मराठी कीबोर्डावर आधी ‘ऱ’ (बहुतेक ठिकाणी ‘र’ दाबून धरल्यावर दिसतो), मग हलन्त, मग ‘य’. बोलून टाइप करायचं असेल तर माइकचीही भाषा मराठी आहे ना, ते बघा.

गुजराती लिपीत मराठी छान लिहिता येतं, ‘ळ’सुद्धा आहे. पण पुण्याहून आलेल्या सुनेला ती वाचता येत नाही. अशा वेळी काकांनी व्हॉइस मेसेज पाठवावा. वेळ, तारीख आणि पत्ता मात्र लिहूनच द्यावा, कारण व्हॉइसमधला पत्ता आयत्या वेळी शोधून सापडत नाही. शुद्धलेखन सगळ्यांसमोर सुधारू नका. नातीच्या इंग्रजी अक्षरांत ‘केले’ आणि ‘केळे’ एकसारखेच दिसतात. त्यावर एकदा हशा झाला की ती पुढे अंगठ्यापलीकडे काही पाठवत नाही.

ॲडमिन किमान तीन, वेगवेगळ्या पिढ्यांचे, आणि त्यात एक तरी सून हवी. पिन केलेला मेसेज २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस टिकतो. मुंजीची पत्रिका पिन करताना मुदत बघून निवडा, नाहीतर ती ऐन आठवड्यात गायब होते. कोणी ग्रुप सोडला तर त्याची खबर फक्त ॲडमिनना जाते, त्यामुळे रुसवा बाकीच्यांच्या सहसा लक्षातही येत नाही. ॲडमिनने त्याच दिवशी फोन करावा. गेलेल्या माणसाचा नंबर घरच्यांना विचारून वर्षश्राद्धाच्या आत काढा, कारण बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते. त्यांचे व्हॉइस मेसेज त्याआधी उतरवून ठेवा.

‘माझा नवा नंबर, जरा पैसे पाठव’ असा मेसेज आला तर जुन्या नंबरवर फोन करून आवाज ऐका. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

राहिली गणपतीची आरती. व्हिडिओ कॉलवर ३२ जण मावतात. बडोद्यात संध्याकाळी साडेपाच असले की टोरांटोत सकाळचे आठ आणि मेलबर्नला रात्रीचे दहा, म्हणून साडेपाचच धरा. माइक फक्त देवघरातला चालू, बाकी सगळे बंद; नाहीतर प्रत्येकाचा आवाज थोडा मागून येतो आणि ‘सुखकर्ता’ तीन तालांत चालतं. फोन झांजेपासून पाच-सहा हात लांब ठेवा, कारण कॉलमधली आवाजाची गाळणी झांजेला गोंगाट समजून दाबते आणि तिच्याबरोबर आजीचा आवाजही जातो.